घर नव्यानं करायचंय? आधी भिंतींच्या आतलं ठरवा: पुण्यातल्या जुन्या फ्लॅटसाठी सविस्तर मार्गदर्शन

कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, बिबवेवाडी या भागांतल्या कितीतरी इमारती आता तिशी-चाळिशीच्या झाल्या आहेत. दिवाळी उलटली की कुठल्या ना कुठल्या मजल्यावर तोडफोड सुरू होतेच. घर नव्यानं करायला घेणारं कुटुंब बहुधा सुरुवात करतं ती किचनच्या शटरच्या रंगापासून, टीव्हीमागच्या पॅनेलपासून, सिलिंगमधल्या दिव्यांपासून. नळाची पाइप, वायर आणि बाथरूमखालचा कोबा यांचा विषय निघतो तो फोडाफोडी झाल्यावर, मिस्त्री विचारतो तेव्हा. तोवर निम्मं बजेट दिसणाऱ्या वस्तूंना वाटून झालेलं असतं.

माझं सांगणं याच्या नेमकं उलट आहे. भिंतीच्या आत आणि फरशीच्या खाली जाणाऱ्या गोष्टी आधी ठरवा आणि चांगला पैसा तिथे घाला. दिसणाऱ्या गोष्टी साध्या ठेवा, बदलता येतील अशा ठेवा. शटर दहा वर्षांनी एका दिवसात बदलता येतं. गळकी पाइप बदलायला मात्र टाइल्स फोडाव्या लागतात आणि खालच्या घरातल्यांची माफी मागावी लागते. वीस-पंचवीस वर्षं टिकणारं घर म्हणजे मला तरी असं घर वाटतं, ज्याची दुरुस्ती सहज करता येते.

मुळात आत्ता करावं का?

पुण्यात हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, कारण सोसायटीचा पुनर्विकास. चिटणीसांना स्पष्ट विचारा: विषय सर्वसाधारण सभेत आला आहे का, सल्लागार नेमला आहे का, बिल्डरांकडून प्रस्ताव मागवले आहेत का? पुढच्या तीन-चार वर्षांत इमारत पाडली जाण्याची शक्यता दिसत असेल तर धोकादायक वायरिंग बदला, गळती थांबवा, रंग द्या आणि तिथेच थांबा. नव्या घरातही वापरता येतील अशी सुटी कपाटं आणि पलंग घ्या.

सोबत स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवालही मागा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. अहवालात तुमच्या बाजूच्या कॉलमला तडे किंवा गंजलेल्या सळया नोंदवल्या असतील तर आधी सोसायटीनं ते काम करावं. तुमची नवी टाइल त्यानंतर.

इमारत कशावर उभी आहे ते बघा

पेठांमधल्या आणि काही जुन्या कॉलन्यांमधल्या दोन-तीन मजली इमारती भिंतींवर तोललेल्या आहेत, म्हणजे लोड बेअरिंग. तिथली ९ इंची किंवा त्याहून जाड भिंत वरच्या मजल्याचं ओझं वाहते. 'हॉल मोठा दिसावा' म्हणून तिला हात लावायचा नाही. आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या इमारतीत ओझं कॉलम-बीमवर असतं. मधली साडेचार इंची भिंत बहुतेक वेळा काढता येते, पण हे 'बहुतेक वेळा' स्ट्रक्चरल इंजिनिअरनं घर बघून लेखी द्यावं. कॉन्ट्रॅक्टरचा तोंडी होकार इथे चालत नाही. वायरसाठी भिंतीत झिरी (खाच) मारताना कॉलम किंवा बीम कापू द्यायचा नाही, हेही कामगारांसमोर पहिल्या दिवशीच सांगून टाका.

ओझ्याचा आणखी एक हिशेब फारसं कुणी करत नाही. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास वापराचा भार धरून केलेला असतो. जुन्या फरशीवर दोन इंच वाळू-सिमेंट टाकून नवी फरशी बसवली की चौरस मीटरला १०० किलोंहून जास्त भर पडते. माणसं आणि सामान यायच्या आधीच अर्धी जागा संपली. म्हणून जुनी फरशी काढून नवी बसवा, किंवा जुनी चांगली असेल तर तीच राखा. त्यावर पुढे येतेच.

आठवडाभर फक्त वही घेऊन राहा

डिझायनरकडे जायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी आठवडाभर नोंदी कराव्यात. चपलांचा ढीग कुठे पडतो? मोबाइल कुठे चार्जिंगला लागतात आणि वायर कुठून लोंबते? दुपारी तीनला कुठल्या खोलीत थांबवत नाही? पावसाळ्यात कपडे कुठे वाळतात? वर्षाचे गहू-तांदूळ, साठवणीचे मसाले आणि पापडांचे डबे कुठे राहतात? गणपतीची आरास, पाहुण्यांच्या गाद्या, प्रवासाच्या बॅगा, मुलांची जुनी पुस्तकं कुठे आहेत? परदेशी मासिकातल्या घरात या वस्तू नसतात. आपल्या घरात त्या असतात, आणि जागा न मिळाल्यामुळे नवं घर सहा महिन्यांत भरून जातं.

त्याच वहीत आणखी दोन पानं काढा: दहा वर्षांनी इथे कोण राहत असेल, आणि वीस वर्षांनी कोण? आई-बाबा येणार असतील, मूल शिकायला बाहेर जाणार असेल, तुम्ही स्वतः साठीत असाल. भिंतीला कायमचा ठोकलेला डबल बेड किंवा मुलांच्या खोलीतलं कार्टूनचं फर्निचर घ्यावं की नाही, याचं उत्तर या पानांतच मिळतं.

परवानग्या

सोसायटीला लेखी अर्ज करा. सोबत कामाचं स्वरूप, नकाशा आणि इंजिनिअरचं पत्र जोडा. कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर आणि अनामत रक्कम आधीच ठरवून घ्या. बाल्कनी बंद करणं, टेरेस आत घेणं, बाहेरची भिंत किंवा खिडकीचा आकार बदलणं याला सोसायटीचा होकार पुरत नाही. तो महापालिकेचा विषय आहे. बाथरूम सरकवून खालच्यांच्या झोपायच्या खोलीवर आणू नका, कितीही सोयीचं दिसलं तरी. राडारोडा कुठे जाणार हेही करारात लिहून घ्या. रात्रीच्या अंधारात तो नदीपात्रात किंवा टेकडीच्या पायथ्याशी जाऊन पडतो आणि त्याला आपणही जबाबदार असतो.

पैसे कसे वाटायचे

'सगळं मिळून चौरस फुटाला इतके' असं पॅकेज घेऊ नका. त्यात काय आहे आणि काय नाही हे काम संपेपर्यंत कळत नाही. अंदाजपत्रक मोजमापासह मागा: फरशी चौरस फुटात, ओटा रनिंग फुटात, वायरिंग पॉइंटवर, दरवाजे नगावर. प्रत्येक ओळीत मालाचा ब्रँड आणि ग्रेड हवा. मजुरी आणि माल वेगळे दाखवलेले असावेत. दर जीएसटीसह आहे का हेही विचारा. कॉन्ट्रॅक्टरकडून माल-मजुरीसह काम घेतलं तर साधारणपणे १८ टक्के कर वर लागतो आणि तो शेवटच्या बिलात दिसला की वाद होतो.

एकूण रकमेच्या १० ते १५ टक्के बाजूला ठेवा. जुन्या घरात फोडल्यावर काहीतरी निघतंच. मग उरलेल्यातून पाणी, वीज आणि खिडक्या यांचे पैसे आधी वेगळे काढा. त्यानंतर ओटा आणि फरशी. फर्निचर आणि सिलिंग सगळ्यात शेवटी. पैसे कमी पडले तर शेवटचं काम पुढच्या वर्षावर टाकता येतं, पहिलं नाही.

पाणी: इथे घाई करू नका

जुन्या फ्लॅटमध्ये लोखंडी जीआय पाइप असतात. आतून गंज धरून त्यांचं तोंड इतकं बारीक होतं की वरची टाकी भरलेली असूनही शॉवरला धार येत नाही. भिंत उघडलीच आहे तर त्या सगळ्या बदला. त्यांच्या जागी प्लास्टिकच्या पाइप घ्या: गरम पाण्याला सीपीव्हीसी, थंड पाण्याला यूपीव्हीसी चालते. प्रत्येक बाथरूमला आणि किचनला स्वतंत्र बंद करायचा व्हॉल्व्ह द्या, म्हणजे एक नळ बिघडला तर सगळ्या घराचं पाणी तोडावं लागणार नाही. पाइप भिंतीत बुजवण्याआधी पंपानं दाब देऊन रात्रभर ठेवा आणि सकाळी काटा तिथेच आहे का ते स्वतः बघा. त्याच वेळी प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, टेप लावून, म्हणजे फरशीपासून आणि कोपऱ्यापासून किती इंचांवर काय आहे ते दिसेल. पुढे टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारताना याच फोटोंमुळे पाइप वाचते.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग मी जरा खोलात सांगतो, कारण सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात. जुनी फरशी, विटांचे तुकडे आणि कोबा काढून स्लॅबपर्यंत जा. स्लॅब झाडून, धुऊन, सुकवून घ्या. तडे आणि नहाणी ट्रॅपच्या व पाइपांच्या भोवतीच्या फटी नॉन-श्रिंक ग्राउटनं, म्हणजे सुकताना न आकसणाऱ्या मिश्रणानं भरा. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे सिमेंटचा गोलाकार वाटा मारून कोपरा बुजवून घ्या, कारण पाणी काटकोनातच घुसतं. मग पॉलिमर-सिमेंटच्या वॉटरप्रूफ लेपाचे दोन हात, एक आडवा आणि एक उभा. भिंतीवर ते सगळीकडे फूटभर आणि शॉवरच्या जागी सहा फुटांपर्यंत न्या. सुकल्यावर ट्रॅपचं तोंड बंद करून चार बोटं पाणी भरा आणि ४८ तास ठेवा. पातळीवर पेन्सिलीनं खूण करा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी खालच्या घरी जाऊन त्यांच्या छताला हात लावून बघा.

कॉन्ट्रॅक्टर म्हणेल, 'साहेब, दोन दिवस कशाला, माझी गॅरंटी आहे.' तरीही ४८ तास. ही चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय त्यावर सिमेंट पडू द्यायचं नाही, आणि टाइल बसल्यावर तीच चाचणी पुन्हा करायची. फरशीला नहाणीकडे साधारण सहा-सात फुटांत एक इंच उतार हवा. टाइल्सच्या सांध्यांत ग्राउट भरायच्या आधी बादलीभर पाणी ओतून बघा. कोपऱ्यात डबकं राहिलं तर तेवढी टाइल तेव्हाच काढायला लावा.

नळ निवडताना तुमच्याकडे कुठलं पाणी येतं ते आधी बघा. खडकवासल्याच्या पाण्यावरची जुनी पुण्यातली घरं या बाबतीत सुखी आहेत. बोअरवेल आणि टँकरवर चालणाऱ्या उपनगरांत पाणी जड, म्हणजे क्षारांचं असतं आणि गीझरच्या कॉइलपासून शॉवरच्या भोकांपर्यंत पांढरा थर जमतो. काळ्या मॅट नळांवर तो पहिल्या महिन्यातच दिसतो. साधे क्रोमचे नळ पुसले की स्वच्छ होतात. कन्सील्ड फ्लश टँक घ्यायचाच असेल तर त्याचे सुटे भाग शहरात मिळतात का आणि ते समोरच्या प्लेटमधून बदलता येतात का, हे दुकानातच उघडून दाखवायला सांगा.

वीज

तीस वर्षांपूर्वी घरात एक फ्रिज, एक टीव्ही आणि चार पंखे होते. आज एसी, गीझर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि वॉशिंग मशीन आहेत, आणि वायर मात्र तीच. सगळं वायरिंग नव्यानं करा. दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, साध्या पॉवर सॉकेटना २.५, एसी आणि गीझरला ४. वायरवर आयएस ६९४ आणि आयएसआयची खूण बघा. डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य पेटीत, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच; विजेची गळती झाली की ती पुरवठा लगेच तोडते. ओल्या हातानं गीझरच्या स्विचला हात लागला तर तीच जीव वाचवते, पण अर्थिंगही वायरमनकडून मोजून घ्या. एकूण लोड वाढत असेल तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या.

स्विचच्या जागा कागदावर ठरवू नका. मोकळ्या घरात खडू घेऊन भिंतीवर पलंग, सोफा, फ्रिज प्रत्यक्ष आखा आणि मग बॉक्स कुठे ते ठरवा. झोपल्या जागेवरून दिवा बंद करता यावा म्हणून टू-वे स्विच (एकच दिवा दोन जागांवरून चालवणारे) द्या. सॉकेट जमिनीलगत नकोत, दोन फुटांवर घ्या, म्हणजे वाकावं लागणार नाही. प्रत्येक खोलीत एक रिकामा पाइप टाकून ठेवा. दहा वर्षांनी कुठली वायर लागेल ते आज ठाऊक नाही, पण वाट तयार असेल.

वायर आणि फिटिंग्जसाठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, एक फेरी मारा. स्विच निवडताना माझी कसोटी अशी: उद्या एक तुटला तर तसाच स्विच याच गल्लीत मिळेल का? मिळणार नसेल तर ती मालिका घेऊ नका, कितीही देखणी असली तरी.

खिडक्या, हवा, छत

पुण्यात पाऊस पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो, आणि उन्हाळ्यातलं दुपारचं ऊनही पश्चिमेचंच. त्यामुळे त्या बाजूच्या खिडक्यांवर खर्च करा. ग्रॅनाइटच्या उंबऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार, छज्जाच्या खालच्या कडेला पाणी आत ओढलं जाऊ नये म्हणून बारीक खाच, स्लायडिंगच्या ट्रॅकला पाणी जायला भोकं आणि डासांची जाळी. समोरासमोरच्या खिडक्यांमधून वाहणारी हवा फर्निचरनं अडवू नका. जुन्या फ्लॅटची नऊ-साडेनऊ फुटांची उंची ही चांगली गोष्ट आहे. सगळ्या घराला खोटं सिलिंग लावून ती घालवू नका. वायर लपवायला कडेची पट्टी पुरते.

ओटा

ओट्याची उंची जो सगळ्यात जास्त स्वयंपाक करतो त्याच्या कोपरावरून ठरते. सरळ उभं राहून हात काटकोनात वाकवा, कोपराची जमिनीपासूनची उंची मोजा आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करा. कोपर ३८ इंचांवर असेल तर ओटा ३२ ते ३४. पोळ्या लाटायला थोडा खाली बरा वाटतो, भांडी घासायला थोडा वर. शक्य असेल तर सिंकची बाजू दोन इंच उंच ठेवा. ठरवण्याआधी टेबलाखाली विटा रचून, पोळपाट ठेवून दोन पोळ्या खरोखर लाटून बघायला सांगा.

ओट्याखाली पुण्यातली जुनी पद्धत मला आजही सर्वांत टिकाऊ वाटते: कडप्प्याचे उभे खण, आतली फळीही कडप्प्याची आणि फक्त शटर लाकडी. सिंकखाली तर दुसरं काही नकोच. सिंकची गळकी पाइप किंवा झिरपलेलं पाणी कडप्प्याला काही करत नाही, प्लायवूड मात्र दोन पावसाळ्यांत फुगतं. पाइप गॅस असेल तर त्याची पाइप कपाटात कोंडू नका आणि हलवायची झाल्यास गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच हलवा.

लाकूड आणि फरशी

प्लायवूडचा ग्रेड त्याच्यावर छापलेल्या आयएस क्रमांकावरून बघा. आयएस ७१० म्हणजे मरीन, ते ओल्या जागांसाठी. किचनच्या बाकी भागाला आयएस ३०३ मधलं बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारं), बेडरूमच्या कपाटाला एमआर (दमटपणाला टिकणारं) पुरतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये स्वतः जा आणि घरी आलेल्या प्रत्येक शीटवरचा शिक्का कापण्याआधी बघा. कापल्यावर आणि लॅमिनेट चिकटल्यावर सगळी प्लाय सारखीच दिसते. घरात जुन्या सागवानाच्या चौकटी असतील तर त्या काढू नका. खरवडून पॉलिश केल्या की नव्यापेक्षा सरस निघतात.

जुन्या मोझेक टाइल्सबद्दलही तेच. पॉलिश मशीन फिरवलं की त्यातले दगडाचे कण पुन्हा उजळतात. खर्च नव्या फरशीपेक्षा पुष्कळ कमी, राडारोडा नाही, आणि स्लॅबवर ओझंही नाही. नवी फरशी घ्यायचीच तर साधी, एकरंगी, सहज मिळणारी घ्या, १० टक्के जास्त घ्या आणि सगळे खोके एकाच बॅचचे आहेत ना ते तपासा. बाथरूममध्ये मॅटच हवी.

म्हातारपणाची तयारी आत्ताच

ही तयारी फुकटात होते, आज केली तर. निदान एका बाथरूमचा दरवाजा तीन फुटी करा, व्हीलचेअर जाईल इतका. आत आणि बाहेर पातळीत अर्धा-एक इंचापेक्षा जास्त फरक नको. कमोडच्या बाजूच्या आणि शॉवरच्या भिंतीत दांडा लावायला घट्ट वीटकाम आहे ना ते बघा, दांडा नंतर लावला तरी चालेल. घरात इतरत्र उंबरे ठेवू नका.

रंगाबद्दल फार बोलत नाही. भिंती फिक्या ठेवा, हौस पडद्यांवर आणि उशांवर भागवा.

वेळापत्रक

दोन बेडरूमच्या घराचं पूर्ण काम साडेतीन-चार महिने धरा. दिवाळीनंतर सुरू करून मार्च-एप्रिलपर्यंत मुख्य काम उरकणं पुण्यात सगळ्यात सोयीचं पडतं. खिडक्या आणि बाहेरच्या बाजूचं वॉटरप्रूफिंग मेअखेर संपलंच पाहिजे. होळीला उत्तरेकडचे आणि राजस्थानातले सुतार गावी जातात, तेव्हा तो आठवडा रिकामा धरा. पावसाळ्यात लाकडाला पॉलिश करू नका, दमट हवेत त्यावर पांढुरका धुरकटपणा येतो.

क्रम असा: तोडफोड, वीटकाम, पाइप आणि वायर, गिलावा, वॉटरप्रूफिंग, टाइल्स आणि ओटा, खिडक्या, सुतारकाम, रंगाचे पहिले हात, फिटिंग्ज, रंगाचा शेवटचा हात. गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारून घ्या. तो पूर्ण सुकायच्या आत पुट्टी चढवली तर पुढच्या वर्षी पोपडे येतात. मधली घाई बहुधा इथेच होते, कारण घर 'तयार' दिसायला लागलेलं असतं.

पैसे टप्प्याटप्प्यानं द्या, काम मोजून. सुरुवातीची उचल १० ते १५ टक्क्यांच्या वर नको. शेवटचे १० टक्के पहिल्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवायचं करारातच लिहा. कॉन्ट्रॅक्टर आधी कुरकुर करतो, पण चांगलं काम करणारा मान्य करतो. जुलैमध्ये मोठा पाऊस झाला की खिडक्यांचे खालचे कोपरे, पश्चिमेची भिंत, बाथरूमलगतच्या खोलीचं स्कर्टिंग आणि खालच्या घराचं छत तपासा. सगळं कोरडं असेल तर उरलेले पैसे त्याच आठवड्यात देऊन टाका आणि पाइप-वायरचे फोटो, वॉरंटी कार्डं, रंगाचे कोड आणि उरलेल्या टाइल्सचा खोका यांची यादी करून एका फाइलमध्ये ठेवा.